मांडवी एक्स्प्रेस: शिमग्याला गावी जायचं तर दिवसाउजेडी जा

ठाण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला माहेरी जायचं म्हटलं की लोक पहिलं विचारतात, रात्रीच्या गाडीने ना? आणि मी दरवेळी सांगते, नाही, मांडवीने, दिवसाच. यंदाचं शिमग्याचं तिकीटही मांडवीचंच काढलंय, कन्फर्म झालंय, घरी फोन करून सगळ्यांना सांगून झालंय, आता नुसती दिवस मोजायची कामं. तेवढ्यात म्हटलं जे यंदा पहिल्यांदाच होळीला कोकणात जाणारेत किंवा इतकी वर्षं रात्री झोपून जातात त्यांच्यासाठी या गाडीबद्दल नीट लिहावं, कारण नेटवर बघितलं तर सगळे गोव्याला जाणाऱ्यांच्या हिशोबाने लिहितात, अधल्यामधल्या स्टेशनवर उतरणाऱ्या आमच्यासारख्यांचं कोणी लिहीत नाही.

गाडी नंबर 10103, सीएसएमटीवरून सकाळी सातच्या सुमारास सुटते, दादर ठाणे पनवेल घेत माणगाव, खेड, चिपळूण, सावर्डा, संगमेश्वर, रत्नागिरी आणि पुढे कणकवली कुडाळ सावंतवाडी करत मडगावला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, पण होळीच्या दिवसात तो प्रश्न येत नाही. तरी निघायच्या आदल्या दिवशी वेळ एकदा बघून घ्याच. आम्हाला देवरुखसाठी संगमेश्वरला उतरायचं असतं, दुपारच्या जेवणाच्या आसपास पोचतो.

रात्रीच्या गाड्यांना मी नावं ठेवत नाहीये हां. तुतारी आहे, कोकणकन्या आहे, ऑफिसचा दिवस वाचतो, ज्याला दोनच दिवसांची रजा मिळालीये त्याने खुशाल रात्री जावं. फक्त तुतारीचं तिकीट काढताना तारीख नीट बघा, ती दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री घरून जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. शुक्रवारचं काढलं तर ती गाडी गुरुवारी मध्यरात्रीच गेलेली असते. वंदे भारतबद्दलही सारखं विचारतात, ती झटकन जाते हे खरंय, पण खेडनंतर एकदम रत्नागिरीला थांबते, चिपळूण नाही आणि संगमेश्वर तर नाहीच, त्यामुळे आमच्या काही उपयोगाची नाही. नेत्रावती आता संगमेश्वरला थांबते, त्या थांब्यासाठी इकडच्या लोकांनी केवढा पाठपुरावा केला हे ज्यांनी बघितलंय त्यांना त्याची किंमत माहितीये.

पण फाल्गुनात रात्री गेलात तर वाटेत जे काही आहे ते सगळं अंधारात मागे पडतं. आणि मला विचाराल तर गावी जाण्यातलं अर्धं सुख तिथेच आहे.

पनवेलपर्यंत काही विशेष नाही, इमारती, होर्डिंग, गोडाऊनं. पेण सोडलं की डोळ्याला जरा मोकळं वाटायला लागतं, रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोलाडपासून खरी कोकण रेल्वे. तिथून खिडकीला चिकटून बसायचं. झाडांची पानं बरीचशी गळलेली असतात, डोंगर सुके पिवळे, आणि त्यातच मधूनच एखादी सावर, अंगावर पान नाही नि नुसती लाल फुलंच फुलं, मग पळस, मग कुणाच्या कुंपणाला लावलेला पांगारा. शेतात काळे चौकोन दिसतात ते तरवा भाजल्याचे, पावसाळ्यात भाताची रोपं करायची जागा आत्तापासून भाजून ठेवतात, माझ्या मुलीला पहिल्यांदा वाटलं की आग लागली होती. वीरच्या पुढे सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, नद्यांना पाणी कमी असतं पण काठाला हिरवी पट्टी असते, कुठे कलिंगडं लावलेली असतात कुठे पावटा. आणि खेडच्या पुढे आंबा सुरू होतो. एकाच बागेत एक झाड मोहोराने भरलेलं, शेजारच्याला वाटाण्याएवढ्या कैऱ्या आणि तिसऱ्याला नुसती तांबूस कोवळी पालवी, म्हणजे यंदा त्याने आराम करायचं ठरवलेलं. बाबा फोनवर आधी हेच विचारतात, येताना मोहोर कसा दिसला गं? मग मी स्टेशनागणिक रिपोर्ट देते आणि ते त्यांच्या झाडांशी ताडून बघतात. रात्रीच्या गाडीने आले असते तर काय सांगणार होते.

बोगदे तर आहेतच. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर आणि त्यात 90 हून जास्त बोगदे, दोन हजारच्या आसपास पूल. करंजाडीच्या पुढचा नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरच्या वर आहे, आत शिरलं की डब्यातली सगळी बोलणी आपोआप मोठ्याने व्हायला लागतात आणि बाहेर पडल्यावर दोन मिनिटं तशीच मोठ्याने चालू राहतात. लाइन 2022 पासून पूर्ण विजेवर झालीये त्यामुळे पूर्वी बोगद्यात डिझेलचा जो वास यायचा तो गेला. सगळ्यात मोठा करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, तो संगमेश्वरच्या पुढे आहे, आणि पानवल नदीवरचा तो उंच पूल रत्नागिरीच्याही पुढे. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी रत्नागिरी सुटली की झोपू नका, दरवाजाजवळ न जाता खिडकीतूनच बघा, 64 मीटर उंच आहे.

हे सगळं कशातून उभं राहिलं हे आमच्या आधीच्या पिढीला पाठ आहे. बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षं रेटलेली मागणी, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 साली झालेली कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना, ई. श्रीधरन यांनी करून दाखवलेलं काम, आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू. आई अजून सांगते की लग्नानंतर पहिल्या शिमग्याला ती एसटीने रात्रभर कशेडी घाटातून उलट्या करत आली होती. ती मांडवीत बसली की खिडकीतून मुंबई-गोवा महामार्ग दिसला तरी तोंड फिरवते. आणि त्या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, पुढचं मी सांगायला नको. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आपापलं बघा, मी पोरीला घेऊन त्या गर्दीत होळीला निघणार नाही.

एकदा तिकीट मिळालं नाही म्हणून खासगी ट्रॅव्हल्सने गेलो होतो, नाव नाही घेत, पण होळी बघून नेहमीच्या दुपटीहून जास्त घेतले आणि मध्यरात्री एका ढाब्यावर दोन तास उभी करून ठेवली, बायकांना जायला धड जागा नाही. तेव्हापासून घरात ठरलंय, साठ दिवस आधी तिकीट काढायचं म्हणजे काढायचं.

आता खाणं. मांडवीला फूड क्वीन म्हणतात ते उगाच नाही. पॅन्ट्रीवाले ठाण्यापासूनच फिरायला लागतात, ऑम्लेट-पाव, कटलेट, इडली, मेदूवडा, साबुदाणा वडा, मग दुपारकडे बिर्याणी, चिकन लॉलीपॉप, गुलाबजाम, मध्येच कोकम सरबत. सगळं एका फेरीत येत नाही, एकामागून एक येत राहतं, आणि आवाजावरून कळतं काय आलंय ते. माझी पसंती कटलेट. ते ट्रेवर रचून आणतात, कागदी प्लेटमध्ये दोन कटलेट, दोन स्लाइस ब्रेड, सॉसची पुडी, बोटाला चटका बसेल इतकं गरम असतं आणि वरचं आवरण कुरकुरीत, आत बीट-बटाटा. माझी मुलगी ब्रेड आधी संपवते आणि कटलेट शेवटाला ठेवते, मी उलटी. चहा मला गोड वाटतो, पण तो गाडीतला चहा आहे, घ्यायचाच. ज्यांचा उपास असेल त्यांनी घरून काहीतरी ठेवा कारण साबुदाणा वडा लवकर संपतो. सुट्टे पैसे ठेवा, यूपीआय चालतं पण बोगदे लागले की रेंज जाते आणि तो बिचारा ट्रे घेऊन उभा राहतो.

सीटचं सांगते. मुंबईहून जाताना सकाळचं ऊन डाव्या बाजूला येतं, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला. बघण्यासारखे डोंगर डावीकडेच जास्त आहेत. मार्चमध्ये दहा वाजल्यानंतर ते ऊन चांगलंच चटकतं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर उजवी बाजू बरी. मी मात्र डावीच घेते, ओढणी डोक्यावर आणि खिडकी उघडी. म्हणूनच मला या गाडीत स्लीपर आवडतो, एसीतली काच बंद, मोहोराचा वास आत येत नाही. आणि तो वास खरंच येतो, चिपळूण सोडलं की सावर्ड्याच्या आसपास गाडी क्रॉसिंगला थांबली की येतो, आंब्याचा आणि काजूचा मिळून. वीरच्या पुढे लाइन एकेरी आहे, समोरून गाडी यायची असली की थांबावंच लागतं, घाईच्या माणसाला त्याचा त्रास होईल, होळीच्या जादा गाड्यांच्या दिवसात तर अजूनच. कनेक्टिंग काही पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

बुकिंगबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे अडकतात. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं, नोव्हेंबर 2024 पासून बदललं. सकाळी आठला लॉगिन करून बसायचं. पण खरी गोची वेगळीच आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात शिमगा सगळीकडे एका दिवशी नसतो, काही गावांत तेरसे शिमगा, म्हणजे होम त्रयोदशीला लागतो, काही गावांत भद्रेचा, तो पौर्णिमेला. आणि त्यानंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते ती कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी हे मानकरी बसून ठरवतात. चाकरमान्याला होळीपेक्षा पालखी घरी येण्याचा दिवस महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच दिवस तिकीट काढताना हातात नसतो. त्यामुळे गावी फोन करून गेल्या दोन-तीन वर्षांचा क्रम विचारा, साधारण तोच चालतो, आणि त्याच्या आजूबाजूचं तिकीट काढा. नाहीच मिळालं तर होळी स्पेशल गाड्या जाहीर होतात त्यावर लक्ष ठेवा, उशिरा जाहीर होतात पण मिळतात. तत्काळला आता आधार जोडलेलं खातं लागतं, एसीचं सकाळी दहाला उघडतं नि स्लीपरचं अकराला, खातं आदल्या रात्रीच तपासून ठेवा.

संगमेश्वर रोड स्टेशन छोटंसं आहे, मोजकेच लोक उतरतात आणि उतरलेल्यांपैकी निम्मे एकमेकांना ओळखतात. बाहेर रिक्षा असतात, त्या संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर सोडतात, तिथून देवरुखची एसटी. देवरुखला आगार असल्यामुळे गाड्या बऱ्या आहेत. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, 75 च्या वरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आई-बाबांना कुठे न्यायचं तर आता त्यांची कुरकुर नसते. सामान जास्त असेल तर स्टेशनवरून थेट रिक्षा करा, भाडं बसायच्या आधी ठरवा. मी एसटीच घेते. अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता, वळणावळणाचा, गाडीत मार्केटला जाऊन आलेल्या बायका, कुणाच्या मांडीवर रोपं, कुणाच्या पिशवीत पालखीसाठी घेतलेला खण-नारळ. कंडक्टरने माझं तिकीट फाडलं की विचारतो, शिमग्याला काय? हो म्हटलं की मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, कुणाची गं तू? मग बाबांचं नाव सांगायचं, मग त्यांचं आणि बाबांचं नातं निघतं, देवरुख येईपर्यंत पुरतं ते. मुंबईत मला शेजारच्या विंगमधले लोक ओळखत नाहीत. इथे एसटीतून उतरायच्या आत घरी निरोप पोचलेला असतो की आली म्हणून.

ज्यांचं गाव नाही आणि नुसतं फिरायला यायचंय त्यांनीही या दिवसात देवरुख-संगमेश्वर करावं असं माझं मत आहे. कसब्याचं कर्णेश्वर मंदिर निवांत बघता येतं, तिथल्या दगडातलं कोरीवकाम बघायला सकाळी लवकर जा. मार्लेश्वरला मारळवरून जायचं, धबधबा या दिवसात बारीक झालेला असतो पण गर्दी नसते आणि पायऱ्या सुक्या असतात, पावसाळ्यातल्यापेक्षा आई-वडिलांना न्यायला हेच दिवस बरे. संगमेश्वर म्हणजे जिथे 1689 साली संभाजी महाराज पकडले गेले ते गाव, त्या जाणिवेने जा, नुसते फोटो काढून निघू नका. देवरुखात मावशी हळबे यांनी 1954 साली सुरू केलेलं मातृमंदिर आहे, आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिथे झालीत, माझा भाऊही तिथलाच.

आणि शिमगा बघायचा असेल तर कुणाच्या तरी ओळखीने घरी जा, चौकातून बघून कळत नाही. सोळजाई आमची ग्रामदेवता. पालखी घरी यायची त्या दिवशी दादा पहाटे उठून अंगण सारवतो, वहिनी रांगोळी काढते, ओटीचं ताट तयार, खण, नारळ, तांदूळ, सुपारी. ढोलाचा आवाज खालच्या वळणावर आला की मुलं पळत सुटतात आणि बाबा टोपी शोधायला लागतात. पालखी अंगणात आली की आधी नाचवतात, दोन खांद्यांवरून चार खांद्यांवर, ढोल चढत जातो, घामाने भिजलेली पोरं, त्यातली निम्मी माझ्यासारखीच मुंबई-पुण्याहून रजा काढून आलेली. मग पाटावर बसवतात. आत चांदीची रुपं, म्हणजे देवाचे मुखवटे, त्यांच्यावर फुलं, हळद-कुंकू, आणि इतक्या जवळून, म्हणजे हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळून बघायला मिळतं. देवळात बाराही महिने देवीकडे आपण जातो, या दिवसात ती आपल्या दारात येते. आई ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतो, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, मुंबईला असलेल्यांचंही, कामाधंद्याला यश दे, पोराबाळांना सुखी ठेव. यंदा माझ्या मुलीची दहावी आहे, तिचं नाव मुद्दाम घ्यायला सांगणार आहे.

त्यानंतरचे दोन दिवस मला काही करायचं नसतं. सकाळी बाजारात जायचं, ओले काजूगर आलेत का बघायचं, आले असले की भाव न करता घ्यायचे कारण सोलणाऱ्या बाईच्या बोटांची चिकाने काय अवस्था होते ती बघितलेली आहे. फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, काजूगरांची उसळ, पुरणपोळी. दुपारी पंख्याखाली पडी. संध्याकाळी नाक्यापर्यंत चक्कर आणि दर दहा पावलांवर थांबून एकच उत्तर, कालच आले, चार दिवस आहे. रात्री कुठल्या तरी वाडीत नमन, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य असतं, खेळे, संकासूर, गोमू, चादर घेऊन जायचं आणि मुलांना झोप येईपर्यंत बसायचं.

परतीचं. 10104 मडगावहून सकाळी निघते, संगमेश्वरला दुपार होते आणि ठाण्याला रात्र. परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबर काढता येत नाही, त्याचे साठ दिवस वेगळे मोजावे लागतात, म्हणजे चार दिवसांनी पुन्हा आठला लॉगिन. हे बरेच जण विसरतात आणि मग गावाला जाऊन तिथून तत्काळ काढत बसतात, तिथे रेंज कशी असते माहितीच आहे. पालखी झाल्यावरच्या शनिवार-रविवारी सगळे एकदम निघतात, शक्य असेल तर सोमवार-मंगळवारचं बघा, रजेचा एक दिवस जास्त गेला तरी चालेल. येताना ऊन दुपारनंतर पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डाव्या हाताला, तेव्हा वयस्कर माणसांना उजवीकडे बसवा. सामान परतताना दुप्पट होतं हे धरूनच चाला, तांदूळ, कुळीथपीठ, कोकम, आईने बांधून दिलेलं अजून काय काय, सीटखाली जागा पकडायची असेल तर गाडी यायच्या आधी डब्याची पोझिशन विचारून तिथेच उभं राहा, संगमेश्वरला गाडी फार वेळ थांबत नाही.